शेवंतीची मान

२१ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

ही डायरी एका साडीवाल्या शेठने जानेवारीत दिली होती. आतापर्यंत कपाटावर धूळ खात पडली होती. आज खाली काढली, कारण घरात माझं कोणी ऐकून घेत नाही. मी बोलायला लागलो की माझी बायको सुषमा भांडी घासायला घेते, घासलेलीसुद्धा. शेवंती ऐकते, पण तिला माझ्या बोलण्यातलं फक्त 'गूळ' कळतं.

शेवंती म्हणजे आमची घोडी. पांढरीशुभ्र, कपाळावर केसांचा भोवरा, चालीत असा ठसका की वरातीतली पोरं बँड सोडून तिच्याकडे बघतात. आमच्या अख्ख्या लिंबायत वस्तीत अशी दुसरी नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. कापडाच्या लूमवरची नोकरी सोडून हिला आणली तेव्हा सगळे हसले होते. आता तेच लोक भाच्याच्या लग्नाला आधी माझ्याकडे येतात.

उद्या तुळशीचं लग्न, मग लग्नसराई सुरू. आणि माझ्या मनात एकच विषय आहे, सुई. मागच्या वर्षी नवागामच्या भिकनचा घोडा, बादल, गेला. खुरात खिळा घुसला, भिकनने काढला, हळद लावली, विषय संपला असं वाटलं. मग घोडा आखडला. मान ताठ, जबडा बंद, आवाज झाला की अंग लाकडासारखं कडक. धनुर्वात. भिकन त्याच्याजवळ बसून होता, उपयोग झाला नाही. तेव्हापासून त्याने घोडा ठेवला नाही, पुन्हा लूमवर जातो. माझ्या तबेल्याकडे तर फिरकलाच नाही. आपल्या गल्लीत खिळ्यांची काय कमी? म्हणून शेवंतीला धनुर्वाताची लस द्यायचं मी ठरवलं आहे.

सुषमा म्हणाली, "लगीनसराई सरू द्या, मंग टोचा. घाई कसानी?"

मी म्हटलं, खिळा काय लग्नाची तारीख बघून घुसतो का? तिने भांडी घ्यायला सुरुवात केली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सुई झाली. जनावरांचा देसाई डॉक्टर चांगला माणूस, पण फार सावकाश बोलतो. आधी शेवंतीचा ताप बघितला, छाती ऐकली, मग मानेवर, आयाळीच्या खाली टोचलं. मी तिचं तोंड धरलं होतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मान फिरवली. फसवलं म्हणते की काय, असं वाटलं.

डॉक्टर म्हणाले, "हेमराज, दो-तीन दिन आराम. थोडी सूज आ सकती है. चार हफ्ते बाद दूसरी सुई, तब जाके लस पक्की होगी." मी हो म्हटलं. दुसरी सुई असते हे मला माहीतच नव्हतं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

आता आराम म्हणजे काय? उद्या अडाजणला वरघोडा आहे, नवरदेवाची मिरवणूक. त्यात काय पळायचं असतं? बँडच्या मागे मुंगीच्या चालीने जायचं, मध्ये मध्ये उभं राहायचं, कारण नवरदेवाचे मित्र नाचतात. त्याहून जास्त आराम तर घरीही मिळत नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काय सांगू! काल रात्रीपासून अंगावर मूठभर मांस चढलंय.

दुपारी साज चढवला. आयाळीच्या वेण्या घालून त्यात गोट्याची जरीची फीत गुंफली, गळ्यात घुंगरांचा रुंद पट्टा आवळला, वर मोत्यांची झूल. लगामाची दोरी आखडून खोगिराला बांधतो आम्ही, म्हणजे घोडीची मान वर राहते आणि फोटो छान येतो. शेवंती एरवी ह्या दोरीशी भांडते. मान खाली ओढते, डोकं झटकते, नवरदेव घाबरतो. काल? काल बाईसाहेबांनी मान हलवली नाही. दोरी सैल पडली तरी मान जागच्या जागी. देवळावरच्या कोरलेल्या घोड्यासारखी उभी.

नवरदेवाची आत्या म्हणाली, "घोडी तो राणी जेवी छे! शुं गरदन छे!" व्हिडिओवाल्याने दिवा तिच्यावरच धरून ठेवला. नवरदेवाला कोणी विचारेना. एका शेठने तिथेच माझा पत्ता मागून घेतला. मी मनात म्हटलं, एवढ्या दिवसांची शिकवण आज फळाला आली.

एक गोष्ट झाली. नवरीच्या दारात आम्ही घोडीला मान लववून सलाम करायला लावतो. मी शीळ घातली, तिने लववली नाही. दोनदा घातली. खाली वाकायचं सोडून पुढचा पाय आपटला तिने. लोक हसले. मी म्हटलं, राणी आहे, सलाम करत नाही, घेते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अशी वेळ मारून नेता आली पाहिजे माणसाला.

घरी येऊन सुषमाला सगळं सांगितलं. ती शेवंतीचा साज उतरवत होती. पट्टा काढताना घोडीने अंग चोरलं. सुषमा म्हणाली, "तिले दुखस. मान पहा ना तिनी."

मी म्हटलं, मान? त्या मानेचे आज अडाजणमध्ये फोटो निघालेत.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवंती रुसली आहे.

काल सकाळपासून दाण्याला तोंड नाही. जमिनीवरच्या घमेल्यात चणे-भुसा ठेवला, नेहमीसारखा. ती आली, वर उभी राहून घमेल्याकडे बघितलं, नाकपुड्या फुलवल्या आणि मागे सरकली. पाण्याचंही तसंच. बादलीपर्यंत तोंड आणते आणि अर्ध्यात थांबते. मी हाताने घमेलं पुढे सरकवलं, गूळ टाकला, तरी तेच. एवढी वर्षं ती गुळासाठी माझ्या खिशात तोंड घालायची!

कारण मला कळलंय. मी तिला धरलं आणि डॉक्टरने टोचलं, तो राग आहे. वर अडाजणला तिचं एवढं कौतुक झालं, ते डोक्यात गेलं. माणसाचं जातं, घोडीचं का नाही जाणार? मी म्हटलं, खा भाव. किती वेळ खातेस बघू. भूक लागली की येशील.

दुपारी तर कहर केला. तुळशीच्या लग्नाला दारावर झेंडूचं तोरण लावलं होतं, अजून काढलं नव्हतं. मी तिला दारापाशी बांधून पाणी आणायला गेलो, परत येतो तर तोरण फस्त! फुलं, आंब्याची पानं, सगळं. नुसती सुतळी लोंबत होती. म्हणजे चणे नको, गूळ नको आणि वाळलेली फुलं पाहिजेत. ह्याला नखरा नाही म्हणायचं तर काय? मी खूप ओरडलो तिच्यावर. नंतर वाईट वाटलं.

सुषमा सुतळीकडे बघत उभी होती. मग घोडीकडे बघितलं. म्हणाली, "रुसनी नही ती. तुम्ही रुसतस, घोडी नही."

मी जेवलो नाही. आता मी काय रुसलो होतो? भूकच नव्हती.

३० नोव्हेंबर, शनिवार

अंग गरम लागतंय तिचं. डोळे मंद. कोपऱ्यात उभी राहते, वळायचं झालं तर पाय टाकून सगळं अंग एकदम वळवते, मान तशीच पुढे.

नजर लागली, दुसरं काय. अडाजणच्या त्या आत्याचीच. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या घेऊन सकाळी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका शेवंतीला लागला, मला लागला, शेजारच्या इंदुबाईंना लागला. त्या बोंबलत बाहेर आल्या. शिंकताना शेवंती कळवळली. घोडी शिंकताना कधी कळवळते का?

म्हणून मग मानेवर हात फिरवला. उजवीकडे, आयाळीच्या खाली, भाकरीएवढी सूज. चुलीवरून आत्ता काढल्यासारखी गरम. त्या वेण्यांखाली आणि पट्ट्याखाली ती दिसलीच नाही मला. की मी बघितलंच नाही? मी हळद-चुना कालवून जाड लेप दिला, चांगला चोळून, वरून कापड आवळून बांधलं. सूज म्हटली की दाबून टाकायची, माझे वडील तसंच करायचे. ती तोंड वर करून थरथरत होती.

डॉक्टरकडे जायचं की नाही ह्यावर माझं माझ्याशीच भांडण चाललंय. त्यांनी आराम सांगितला होता. काय तोंड घेऊन जाऊ?

१ डिसेंबर, रविवार

आज लिहिलंच पाहिजे.

सकाळी भिकन आला. बादल गेल्यानंतर पहिल्यांदा. इंदुबाईंनी बाजारात सांगितलं असावं की हेमराजची घोडी खात नाही. तो दारातच थांबला, आत पाऊल टाकेना. तिथूनच शेवंतीकडे बघितलं. ती ताठ मानेने भिंतीकडे तोंड करून उभी होती. भिकनचा चेहरा पांढराफटक पडला.

"मन्हा बादलनी बी मान अशीच ताठनी व्हती," तो म्हणाला. एवढंच. मग तो उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

धनुर्वात! जे होऊ नये म्हणून सुई दिली, तेच सुईतून घुसलं? मीच धरलं होतं तिला. माझ्या हाताने. मी शेवंतीच्या पोटाला डोकं टेकलं आणि तिची माफी मागितली. लिहायला लाज वाटते, पण मागितली. मग म्हटलं, त्या डॉक्टरला मी सोडत नाही.

सुषमाने चपला घातल्या. रिक्षा केली आणि गेली. डॉक्टरांना घेऊनच आली. रविवार होता, त्यांच्या अंगावर घरचाच सदरा होता. मी भांडायला तोंड उघडलं, तर त्यांनी आधी कापड सोडलं, लेप बघितला आणि माझ्याकडे बघितलं. माझं तोंड आपोआप मिटलं.

"वरघोडा किया?" त्यांनी विचारलं.

मी खाली पडलेलं कापड उचलायला लागलो. सुषमा म्हणाली, "किया."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग कामाला लागले. भिकनला म्हणाले, तू इकडे ये, तुझ्या घोड्याला मी बघितलं होतं, तुलाही बघू दे. त्यांनी शेवंतीची हनुवटी हळूच वर उचलली आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक पडदा असतो. धनुर्वात असेल तर असं केल्यावर तो झर्रकन डोळ्यावर येतो आणि डोळा अर्धा पांढरा दिसतो. भिकन पुटपुटला, "हो, बादलचा तसाच झाला होता." आम्ही तिघंही श्वास धरून बघत होतो. शेवंतीचा डोळा काळाभोर, जिथल्या तिथे. पडदा हलला नाही. डॉक्टरांनी पुन्हा केलं. नाही हलला. मग जबडा उघडला, सहज उघडला. कानाजवळ टाळी वाजवली, तिने नुसता कान फिरवला आणि डॉक्टरांच्या सदऱ्याचं बटण चावायला बघितलं.

"ये धनुर्वा नहीं है. इस लस से धनुर्वा आता ही नहीं," डॉक्टर म्हणाले. "सूज आहे. मान दुखते तिची, वाकवता येत नाही. वाकवता येत नाही म्हणून खाली ठेवलेलं खाता येत नाही."

मी म्हटलं, पण मग तोरण...

सुषमाने घमेलं उचललं, उलट्या पिंपावर ठेवलं, छातीच्या उंचीला. शेवंती दोन पावलं पुढे आली, तोंड घातलं आणि असा आवाज करत खायला लागली की गल्लीतली कुत्री उठली. चणे, भुसा, तळाचा गूळ, सगळं. मी बादली हातात धरून उभा राहिलो, तीही रिकामी केली. माझे हात भरून आले तरी खाली ठेवली नाही.

म्हणजे एवढे दिवस ती भुकेली होती आणि मी तिला भाव खातेस म्हणत होतो.

डॉक्टरांनी दुखणं कमी करायचं इंजेक्शन मागच्या बाजूला दिलं. चुना धुवून काढायला लावला, कातडी भाजली असती म्हणाले. सूज चोळायची नाही, दाबायची नाही. कोमट पाण्याचं फडकं नुसतं ठेवायचं. गळ्यात काही बांधायचं नाही, दोरी तर नाहीच. उभं करून ठेवायचं नाही, हळूहळू फिरवायचं, म्हणजे मान मोकळी होते. खाणं-पाणी वर. सूज पिकली, ताप वाढला किंवा श्वास लागला तर धावत या, लाज सोडून, असंही म्हणाले.

मी विचारलं, मग लस वाईट होती का? ते म्हणाले, "नवीन माणूस लूमवर पहिल्या दिवशी काम करतो, तेव्हा हात दुखतात ना? तसं. काहींचे कमी दुखतात, काहींचे जास्त. पण दुखऱ्या हातांनी दुसऱ्या दिवशी वजन उचलायला लावलं तर?"

मी मान खाली घातली. मला घालता येते.

भिकन जाताना शेवंतीच्या कपाळावर हात ठेवून गेला. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात त्याने पुन्हा एकदा बघितलं.

३ डिसेंबर, मंगळवार

ताप नाही. सूज पुरीएवढी. मी सकाळ-संध्याकाळ तिला मोकळ्या दोरीने मैदानात फिरवतो. आजच्या वरघोड्याला आमच्याच धंद्यातल्या छगनची घोडी पाठवली. तिची चाल म्हणजे काय सांगू, पण जाऊ दे.

सुषमा भाकरीचे तुकडे हातावर धरून रोज थोडे थोडे खाली नेते, शेवंतीची मान त्यांच्यामागे जाते. आज गुडघ्यापर्यंत गेली. मी म्हटलं, हे डॉक्टरने सांगितलं? ती म्हणाली, "नही." मी विचारलं, मग कुठून सुचलं? तिने भांडी घेतली.

पहिल्यांदाच मी घासलेली भांडी तिच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, सांग ना. ती म्हणाली, मागे तिचा खांदा धरला होता तेव्हा ती भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायची, रोज थोडा थोडा. मला आठवेना तिचा खांदा कधी धरला होता. विचारायला हवं होतं, पण तोवर दूध उतू गेलं.

९ डिसेंबर, सोमवार

आज शेवंतीने जमिनीवरून खाल्लं. मी मुद्दाम घमेलं खाली ठेवलं नव्हतं, दाणे सांडले होते, तिने मान लांब केली, खाली, आणखी खाली, आणि टिपले. मी ओरडलो तेव्हा सुषमा पिठाच्या हातांनी धावत आली. दोघं उभे राहून घोडीला सांडलेले दाणे खाताना बघत होतो. लोक सिनेमाला जातात.

१७ डिसेंबर, मंगळवार

कमुरता लागले. आता संक्रांतीपर्यंत इथे कोणी लग्न करत नाही. घोड्यांना सुट्टी. साज धुवून वाळत घातला.

आणि दुसरी सुई पुढच्या मंगळवारी.

मी सुषमाला सांगून टाकलं, नाही द्यायची. एकदा वाचली, बस झालं. ती तशी मान ताठ करून उभी होती ते अजून डोळ्यांसमोर येतं. सुषमा म्हणाली, डॉक्टरांना तरी विचारा. विचारलं. ते म्हणाले, पहिली सुई म्हणजे पाया. भिंत दुसऱ्या सुईने उभी राहते. इथे थांबलास तर जे दुखणं तिने सोसलं ते फुकट गेलं. मागच्या वेळी त्रास झाला हे आता आपल्याला माहीत आहे, म्हणजे तयारीने देऊ. दुसऱ्या जागी टोचू, तू लगेच घरी जायचं नाहीस, माझ्या नजरेसमोर थांबायचं, आणि नंतर खरा आराम.

मी विचार करतो म्हणालो. विचार कसला करतोय? भीती वाटते, तेच. खिळ्याची वाटते आणि सुईचीही वाटते. खिळा निदान माझ्या हातून तरी घुसणार नाही.

२२ डिसेंबर, रविवार

भिकन आला होता. सुषमाने बोलावलं असणार, ती कबूल करत नाही. आता तो उंबऱ्यावर थांबत नाही, सरळ आत येतो, शेवंतीचे खूर उचलून बघतो.

मी त्याला म्हटलं, माझ्याच्याने तिला पुन्हा धरवणार नाही रे. ती बघते माझ्याकडे.

तो खूर साफ करता करता म्हणाला, "तू नको धरू. मी धरतो. बादलच्या वेळी मला धरायला काही उरलंच नव्हतं."

मी शेवंतीचा दुसरा खूर उचलून त्याच्यासमोर धरला.

२४ डिसेंबर, मंगळवार

दत्तजयंती. सुषमाने सकाळी दत्ताला नारळ फोडला, मग शेवंतीच्या गळ्यातली घुंगरं, पट्टा, सगळं घरी ठेवून डॉक्टरांकडे निघालो. नुसती मोकळी घोडी. रस्त्यात लोक विचारत होते, आज कपडे नाहीत का राणीला?

भिकनने तोंड धरलं. तो तिच्याशी सारखं काहीतरी अहिराणीत बोलत होता. मी दवाखान्यासमोरच्या कडुनिंबाकडे बघत उभा राहिलो. ह्या वेळी छातीच्या स्नायूत, पुढून टोचलं. झालं पण, तिने नुसतं शेपूट हलवलं.

मग आम्ही थांबलो. मला पाच मिनिटांत घरी जावंसं वाटत होतं, सगळं ठीक आहे, चला. डॉक्टर म्हणाले, बसा. थोड्या वेळाने शेवंतीच्या बरगड्यांवर गांधी उठायला लागल्या. सुपारीएवढ्या, मग आणखी. मी भिकनचा दंड असा धरला की त्याला वळ उठले, ते त्याने मला नंतर दाखवले. पण डॉक्टरांनी औषध भरूनच ठेवलं होतं. त्यांनी टोचलं, छाती ऐकली, हिरड्यांचा रंग बघितला, पुन्हा ऐकली. श्वास साफ. "देखते रहो," म्हणाले आणि स्वतःही खुर्ची ओढून तिथेच बसले. आम्ही चौघं कडुनिंबाखाली बसलो, मधोमध घोडी. सुषमाने प्रसादाचं खोबरं वाटलं. हळूहळू गांधी बसत गेल्या, पाणी वाळावं तशा. दुपारपर्यंत कातडी सपाट.

मी घरी जायची घाई केली असती तर रस्त्यात, उधन्याच्या रेल्वे फाटकापाशी हे झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, लस पक्की झाली. पुढच्या वर्षीच्या सुईला आधी औषध, मग सुई. आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेलास तर आधी हे सगळं सांगायचं. मी म्हटलं, सांगायला मला आवडतंच. सुषमा हसली. ती माझ्या विनोदावर हसली असावी.

२६ डिसेंबर, गुरुवार

छातीवर लिंबाएवढी गाठ, कोमट. मान मोकळी. घमेलं पिंपावर ठेवलंय तरी बाईसाहेब खाली सांडलेलंच आधी खातात.

भिकनने कारखान्यातून सुट्टी काढली. सारंगखेड्याला जातो म्हणाला, घोड्यांच्या यात्रेला. मी विचारलं, बघायला? म्हणाला, "हो, बघायलाच." मी म्हटलं मी येतो, घोडं मला जास्त कळतं. तो म्हणाला, तू शेवंतीला फिरव. जरा राग आला मला.

२ जानेवारी १९९७, गुरुवार

नवीन डायरी अजून मिळाली नाही, जुनीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहितो.

सकाळी देसाई डॉक्टरांकडून निरोप आला, लगेच या. शेवंती तर समोर उभी होती, मग काय झालं? धावत गेलो. कडुनिंबाखाली भिकन. कपडे मळलेले, डोळे लाल, टेम्पोतून थेट उतरलेला. हातात दोरी, दोरीच्या टोकाला एक तांबडी शिंगरी, लांब लांब पायांची, कान सारखे हलवणारी.

मी म्हटलं, अरे, आधी घरी तरी जायचंस. बायको वाट बघत असेल.

"पह्यले सुई," भिकन म्हणाला, "मंग घर."

मी पुढे झालो, सगळं समजावून सांगितलं त्याला. मान दुखली तर खाणं वर ठेव, चोळू नकोस, चुना तर लावूच नकोस, गांधी उठतात का बघत इथेच थांब. तो ऐकत होता, जणू काही त्याला माहीतच नव्हतं. डॉक्टर गालात हसत होते, कशाला ते कळलं नाही.

सुई झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर लिहायला शिंगरीचं नाव विचारलं. भिकनचा चेहरा बंद झाला. म्हणाला, "नाव नाही अजून. दुसरी सुई होऊ दे, ती पक्की होऊ दे, मग ठेवेन." डॉक्टरांनी नुसतं 'तांबडी' लिहिलं.

३ जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी नवागामला गेलो, शिंगरीची मान बघायला. भिकनच्या तबेल्याचं दार एवढे दिवस बंद होतं, आज उघडं. मी बाहेर थांबलो, कारण आतून बोलण्याचा आवाज येत होता. त्याने बादली खुंटीला उंच टांगली होती, शिंगरी तिच्यात तोंड घालून खात होती. हा तिच्या गळ्याला गाल लावून उभा.

"खा, सोनी. खा, माय. सोनी, हळू."

मी आत जाऊन विचारलं, सोनी कोण?

तो दचकला. म्हणाला, कुठली सोनी? मी तर खोकलो.

मी शिंगरीची मान चाचपून बघितली. दुसरी सुई तर अजून महिन्यावर आहे.